खुणेचे मासे

“अवो मास्तर, मासा मरून जाईन ना! इतका दाबून कायले धरता?”

शेवंताबाई गुडघाभर पाण्यात उभी होती आणि मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उकिडवा बसलो होतो. माझ्या डाव्या हातात एक रोहू होता आणि उजव्या हातात कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेली कात्री. मासा हातात धरण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला दिवस. तो इतका गार, इतका जिवंत आणि इतका माझ्याविरुद्ध असेल याची मला कल्पना नव्हती. मी त्याच्या शेपटीचं वरचं टोक नखाएवढं कापलं आणि त्याला जवळजवळ फेकूनच दिलं.

“पोरीचे कान टोचावे तसं काम हाये तुमचं,” शेवंताबाई म्हणाली. “फक्त पोरगी रडते. हा बिचारा रडला तरी पान्यात कोनाले दिसन?”

पाळीवर बसलेली माणसं हसली. मीही हसलो. लाजल्यावर मी हसतो, ही माझी जुनी खोड आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या चिंचटोल्याचा तो तलाव. मार्गशीर्षातली थंडी होती, पाण्यावरून वाफ उठत होती आणि पलीकडच्या कडेला शिंगाड्याच्या वेलींचा हिरवा पट्टा पसरला होता. मी तिथे का होतो, हे सांगायचं तर आधी लांजेवारबद्दल सांगायला हवं.

प्रभाकर लांजेवार माझ्याबरोबर तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. मी गणित. तो मोठ्यानं बोलायचा, मोठ्यानं जेवायचा आणि स्टाफरूममध्ये माझ्यासाठी मोठ्यानं भांडायचा, कारण माझ्यासाठी मी कधीच भांडत नसे. मी तेव्हा संख्यांच्या वाढीवरची समीकरणं शिकवायचो: सशांची वाढ, जंतूंची वाढ, माशांची वाढ. फळ्यावर माशांची संख्या ‘एन’ या अक्षरानं दाखवायची आणि तास संपला की पुसून टाकायची.

एकदा वर्गाच्या दारात उभा राहून लांजेवारनं सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाला, “उपासनी, तुझं गणित कधी ओलं झालं आहे का रे?”

“म्हणजे?”

“म्हणजे माझ्या मामाच्या गावाला चल. तिथं खरा ‘एन’ आहे. पाण्यात आहे. आणि त्याच्यावरून गाव फुटायला आलं आहे.”

मामा म्हणजे डोमाजी नान्हे, चिंचटोल्याच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. सडपातळ, कमी बोलणारे. त्यांचं म्हणणं होतं की तलाव रिकामा होत चालला आहे, त्याला पुढचा पावसाळा उलटेपर्यंत विश्रांती द्यावी, कुणीच जाळं टाकू नये. तोवर पाळीच्या दुरुस्तीचं काम निघणार होतं, त्यावर लोकांनी मजुरी करावी. निम्मं गाव त्यांच्या बाजूनं होतं. उरलेल्या निम्म्या गावाचा आवाज म्हणजे शेवंताबाई. नवरा गेल्यापासून तिनं त्याचं जाळं हातात घेतलं होतं. गावात बाईनं डोंग्यातून, लहानशा होडीतून, जाळं टाकणं नवीनच होतं, पण तिला तसं सांगायची कुणाची छाती नव्हती. घरी दोन पोरी होत्या. कमरेचं दुखणं होतं, त्यामुळे मातीच्या पाट्या उचलणं तिला जमण्यासारखं नव्हतं. मासा बंद म्हणजे तिची चूल बंद, इतका साधा हिशोब होता.

“तलावात मासा बक्कळ हाये,” ती म्हणायची. “डोमाजीभाऊचे डोये म्हातारे झाले, म्हून दिसत नाय.”

“अन् तुले पान्याच्या आतलं दिसते?” डोमाजी विचारायचे.

दोघांनाही पाण्याच्या आतलं दिसत नव्हतं. म्हणूनच लांजेवारनं मला तिथे नेलं. त्यानं गावासमोर ठरवून टाकलं: तलावाच्या आकारमानाकडे पाहता दहा हजारांच्या वर मासे असले तर जाळी चालू राहतील, त्याखाली असले तर तलाव बंद. मोजणार ‘आमचे उपासनी सर’. बाहेरचा माणूस, कुणाच्या घेण्यात ना देण्यात. दोन्ही बाजूंनी गावदेवी मातामायच्या देवळापुढे माना डोलावल्या. मी लांजेवारच्या पाठीआड उभा होतो आणि आपलं पोट दुखतं आहे असं सांगून परत जाता येईल का, याचा विचार करत होतो.

पण मोजायची रीत मला समजावून सांगता आली, याचं मला आजही नवल वाटतं. मी एक टोपलीभर लाखोळी, म्हणजे तिकडचं कडधान्य, मागवली. तिच्यातून मूठभर दाणे काढून ते कुंकवाच्या पाण्यात बुडवले, वाळवले आणि परत टोपलीत मिसळले.

“आता कुणीतरी डोळे मिटून एक वाटी भरा,” मी म्हणालो. माझा आवाज पुढच्या रांगेपर्यंतच पोचत होता. लांजेवार प्रत्येक वाक्य मागे ओरडून सांगत होता. “वाटीत लाल दाणे खूप आले तर समजायचं की टोपलीत एकूण दाणे थोडे आहेत. लाल दाणे क्वचितच दिसले तर समजायचं की टोपली मोठी आहे, त्यात ते हरवून गेले. लाल किती टाकले ते आपल्याला माहीत आहे. वाटीत दहातला एक लाल निघाला, तर एकूण दाणे लाल दाण्यांच्या दहापट.”

डोमाजींनी वाटी भरली. लाल दाणे मोजले. मी पाटीवर गुणाकार केला. मग चार बायका बसल्या आणि टोपलीतले सगळे दाणे खरोखर मोजून काढले. माझा आकडा फार चुकला नव्हता. गावानं ‘हाव!’ म्हणून होकाराची दाद दिली. मला वाटतं, त्या क्षणी मी थोडा उंच झालो असेन.

म्हणून मग दोनशे मासे, दोनशे शेपट्या आणि कात्री.

दुपारपर्यंत मी बराच सरावलो. मासा ओल्या फडक्यात धरायचा, टोक कापायचं, पाण्यात हळूच सोडायचा. शेवंताबाई मासे आणून देत होती आणि तोंडानं अखंड टोमणे मारत होती. मी मासे खात नाही हे तिला लांजेवारनं सांगितलं होतं आणि तो विषय तिला दिवसभर पुरला.

“खाते नाय अन् मोजते!” ती इतरांना सांगायची. “लगन करायचं नाय अन् पोरी पाहाले जायचं, तसं झालं.”

मी तेव्हा अविवाहित होतो. पाळीवर पुन्हा हशा.

मधेच एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मास्तर, हे खुणेचे मासे आता कोनाचे?”

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. मी कात्रीकडे लक्ष ठेवून होतो, हात गारठले होते आणि अनोळखी माणसाशी बोलणं लवकर संपावं असं मला नेहमीच वाटतं.

“माझेच समजा,” मी म्हणालो.

“हाव,” म्हातारा म्हणाला आणि समाधानानं विडी शिलगावू लागला.

“मास्तरांचा नवस दिसते,” शेवंताबाई हसून म्हणाली. या वेळी मात्र पाळीवरचं कुणी हसलं नाही. मी हसलो.

मासे तलावभर मिसळायला हवेत म्हणून आम्ही मधे आठवडा जाऊ दिला. मग एका रविवारी सकाळी गावातले सगळे डोंगे पाण्यात उतरले. दोन्ही बाजूंची माणसं होती. ठरलं होतं की सगळ्यांनी नेहमीसारखी जाळी टाकायची आणि पाळीवर आलेला प्रत्येक मासा मला दाखवायचा. मी खुर्चीवर बसलो होतो; खुर्ची शाळेतून आणली होती. टोपल्या येत होत्या. रोहू, कटला, मिरगल. मी शेपट्या तपासत होतो. अख्खी शेपटी, अख्खी शेपटी, अख्खी शेपटी. पहिल्या पाच टोपल्यांत एकही खूण नाही. लांजेवार माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागला.

“तू कापलेस ना रे नीट?”

“तुझ्यासमोर कापले.”

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पाचशे मासे झाले होते आणि त्यात कापलेल्या शेपटीचे चार. आणि ते चारही लहान पोरांच्या टोपलीतले. पोरांच्या आईनं त्यांना लगेच मागे ओढलं आणि काहीतरी दटावलं. मी गुणाकार केला. पुन्हा केला. तलावात पंचवीस हजार मासे होते.

मी आकडा लांजेवारला दाखवला. त्यानं शीळ घातली, मग मामांकडे बघितलं आणि शीळ अर्धवट सोडली.

बैठक दुपारी मातामायच्या देवळापुढे होती. तिथे मी तो आकडा सांगितला आणि लांजेवारनं तो मोठ्यानं परत सांगितला. त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. निम्मं गाव उठून उभं राहिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डोमाजी तसेच बसून राहिले. पंचवीस हजार हा शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला.

“ठरलं तं ठरलं,” ते शेवटी म्हणाले. “मले तं तसं वाटत नव्हतं. पन मास्तरानं मोजलं. माह्या डोयाचं काय, म्हातारेच झाले ते.”

आणि त्यांनी शेवंताबाईला हात जोडले. तिनं मान फिरवली, पण मला दिसलं की तिला ते आवडलं नव्हतं. जिंकताना समोरचा माणूस इतका लवकर वाकला की जिंकल्यासारखं वाटत नाही.

आमची एस.टी. पाच वाजता होती. लांजेवार मामांच्या घरी जेवायला गेला. मी शाकाहारी, म्हणून शेवंताबाईनं मला उकडलेले शिंगाडे आणून दिले. पाळीवर चिंचेच्या सावलीत बसून मी ते सोलत होतो. नखं काळी होत होती. माझं गणित ओलं झालं होतं, उत्तर आलं होतं, एका बाईची चूल वाचली होती. मला बरं वाटायला हवं होतं. पण डोमाजींचे ते जोडलेले हात डोळ्यांपुढून जाईनात, आणि टोपल्यांतले मासेही मला लहान लहानच वाटले होते. इतके मासे असले तर मोठे कुठे गेले? असा प्रश्न मला पडला होता. पण माझ्या शंकांवर माझा कधीच विश्वास नसतो, म्हणून मी शिंगाडे खात राहिलो.

शेवंताबाई समोर बसली. बाजूला पोरी शिंगाड्याची टरफलं पाण्यात टाकून ती तरंगतात का ते बघत होत्या.

“मास्तर,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “तुमी काळजी नोको करा. तुमचे मासे खुशाल हायेत.”

“माझे मासे?”

“खुणेचे. मस्त पोहून राह्यले. शेपटीबी भरून येऊन राह्यली एकेकाची.”

माझ्या हातातला शिंगाडा अर्धा सोललेला राहिला. “तुम्हाला कसं कळलं?”

“काहून नाय कळन? सकाळपासून माह्याच जाळ्यात आले ना. दर खेपेले एखाद-दोन तरी होतेच. जाळं वर घेतलं की आधी तुमचे सोडले. हळूच सोडले जी, पान्यात हात घालून. मीच म्हनली होती ना तुमाले, दाबून धरू नोका.”

“तुम्ही ते सोडले? पाळीवर आणलेच नाहीत?”

“तुमचा मासा आमी कसा आनू?” तिला माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटत होतं. “नवस फिटला की आमी मासोळीच्या गलफड्यात मातामायच्या नावाचा दोरा ओवतो अन् सोडून देतो. मंग तिले कोनी हात लावत नाय. जाळ्यात आली तं माफी मागून सोडते. खुनेची वस्तू ज्याची त्याची. तुमी तं पाव्हने. पाव्हन्याचा मासा कोन पकडन?”

“सगळ्यांनीच सोडले?”

“एका डोंग्यात पोरं होते. त्याइले काय समजते? त्याइच्या मायनं मंग लय झापलं त्याइले.”

मी तोंडावर हात घेतला. हसू येत होतं की रडू, मला सांगता यायचं नाही. माझ्या पुस्तकात त्या रीतीची एक अट दिली होती, एका ओळीत: खूण केलेला आणि न केलेला मासा जाळ्यात सापडण्याची शक्यता सारखीच असावी. मी ती ओळ वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. ती मोडायला काय काय लागेल याची मी मनात यादीही केली होती: मासा जखमी होईल, घाबरेल, खोल पाण्यात दडून बसेल. मासे पकडणारी माणसं माझा मान राखतील, हे माझ्या यादीत नव्हतं.

“काय झालं जी?” शेवंताबाईनं विचारलं. “शिंगाडा कडू निंघाला का?”

मी तिला सांगितलं. लाखोळीची टोपली आठवते का? वाटी भरताना कुणी लाल दाणे वेचून वेचून परत टोपलीत टाकले तर? वाटीत लाल दिसणारच नाहीत. मग मी म्हणणार की टोपली केवढी मोठी आहे!

ती ऐकत होती. माझं बोलणं संपण्याआधीच तिचे हात थांबले.

“म्हंजे तलावात मासा नाय,” ती म्हणाली.

“आहे. पण पंचवीस हजार नाही. बराच कमी असणार. किती, ते मला आज सांगता येणार नाही.”

“दहा हजाराच्या खाली?”

“तसंच वाटतं.”

पोरी पाण्याशी खिदळत होत्या. तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं.

“मी बोलली नसती तं?”

“तर मला कळलं नसतं.”

माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणं सोपं असतं आणि त्या वेळी तर फारच सोपं होतं. पाचची एस.टी. येईल, मी जाईन, आकडा गावात राहील. पण तसं होणार नाही हे मला कळत होतं, आणि मी अर्धा सोललेला शिंगाडा खाली ठेवला.

“बाई,” मी म्हणालो, “मी सांगतो की मलाच शंका आली. तुमचं नाव कुठे यायचं कारण नाही.”

शेवंताबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं पहिल्या दिवशी मासा दाबून धरल्यावर बघितलं होतं.

“माहं नाव काहून नोको? मी काय चोरी केली? पाव्हन्याचा मासा सोडला, इतकंच ना?” ती कमरेवर हात ठेवून उठली. “अन् डोमाजीभाऊनं हात जोडले मले. म्हातारा मानूस. ते मले रातभर झोपू देनार नाय.”

आणि पाळीवरून तिनं हाक मारली. तिच्या हाकेला लांजेवारच्या पुन्हा सांगण्याची गरज नव्हती. “ओ डोमाजीभाऊ! जेवन राहू द्या! सारेच या इकडं!”

गाव पुन्हा जमलं. लांजेवार हात पुसत आला. शेवंताबाईनं सगळं सांगितलं, लाखोळीसकट, माझ्यापेक्षा चांगलं. मग तिनं एकेकाकडे बोट दाखवायला सुरुवात केली.

“सुकऱ्या, तू किती सोडले?”

“मले काय मालूम? सात-आठ असन.”

“तू रे?”

“माह्या डोंग्यात लय आले होते. एक तं दोनदा आला, ओळखू आला मले.”

सगळ्यांनीच सोडले होते. शेवंताबाईच्या बाजूच्यांनी आणि डोमाजींच्या बाजूच्यांनीही. डोमाजींनी स्वतः सोडले होते. जो मासा आपली बाजू खरी करणार होता, तोच ते माफी मागून पाण्यात सोडत बसले होते. लांजेवार खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. “मामा! अहो, तुम्ही पण!”

“मास्तरांचा होता तो,” डोमाजी थोडे ओशाळून म्हणाले.

“मग आता पुन्हा जाळी टाका,” मी म्हणालो. “या वेळी सोडू नका.”

कुणी हललं नाही. ज्या म्हाताऱ्यानं मला प्रश्न विचारला होता, त्यानं डोकं खाजवलं. “ते कसं जमन मास्तर? तुमीच म्हनले होते, माझेच समजा. तुमचे नावाचे झाले ते. आता तुमी हजारदा म्हना पकडा, हात कसा जाईन?”

“मी सांगतो ना, नाहीत माझे.”

“म्हनून होत नाय जी. खून ज्यानं घातली, त्यानंच उतरवा लागते.”

“अन् कापलेलं शेपूट आता कोन जोडते?” दुसरा कुणीतरी म्हणाला.

लांजेवारचं हसणं थांबलं. तो माझ्याकडे बघायला लागला. डोमाजी, शेवंताबाई, सगळंच गाव माझ्याकडे बघत होतं.

माझे वडील वाशीमला भिक्षुकी करायचे. लहानपणी त्यांनी मला सगळं शिकवलं होतं आणि मी ते कॉलेजात गेल्यापासून झाकून ठेवलं होतं. गणिताच्या माणसाला ते शोभत नाही, अशी माझी समजूत होती. वडील गेले तोवर त्या विषयावर आमचं बोलणंही उरलं नव्हतं. पण दान कसं देतात हे मला त्यांच्या मांडीवर बसल्यापासून माहीत होतं. वस्तूवरचा हक्क तोंडानं सोडता येत नाही. त्यावर उदक सोडावं लागतं.

“एक तुळशीचं पान मिळेल का?” मी विचारलं.

देवळामागून कुणीतरी पान आणलं. मी चपला काढल्या, धोतर नव्हतंच, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तलावाच्या पायऱ्या उतरलो. पाणी गार होतं. ओंजळीत पाणी आणि पान घेतलं आणि मागे वळलो. “घेणारा लागतो. शेवंताबाई, पुढे या.”

“मी?” ती पहिल्यांदाच दचकली. “मी बिन नवऱ्याची बाई. माह्या हातात कायले देता? डोमाजीभाऊले द्या.”

“माझे मासे सगळ्यात जास्त तुमच्या जाळ्यात आले. त्यांचा ओढा तुमच्याकडे आहे.”

लोक हसले. ती लाजली आणि पायऱ्या उतरून माझ्यासमोर उभी राहिली. मी संकल्प म्हणायला सुरुवात केली. पहिले दोन शब्द पुटपुटलो. मग काय झालं कुणास ठाऊक, वडिलांचा आवाज माझ्या गळ्यात आला. खणखणीत, स्पष्ट, सगळ्या पाळीला ऐकू जाणारा. तिथी, वार, नक्षत्र, तलावाचं नाव, गावाचं नाव, खुणेचे दोनशे मासे. लांजेवार तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याला काहीच परत सांगावं लागलं नाही. शेवटी मी ‘न मम’ म्हणालो, आणि समजावं म्हणून मराठीतही म्हणालो, “हे आता माझे नाहीत,” आणि तिच्या ओंजळीत पाणी सोडलं.

ती तशीच उभी राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“पन मास्तर, आता हे माहे झाले. माहे मासे हे लोक पकडतीन का?”

“तुहे तं आधी पकडू!” मागून आवाज आला, आणि मग जो हशा झाला तो पलीकडच्या शिंगाड्यांपर्यंत गेला असेल.

तीही हसली. मग तिनं ओंजळ तलावावर उपडी केली. “जा. आता कोनाचेच नाय.”

आमची एस.टी. केव्हाच निघून गेली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळे डोंगे उतरले. या वेळी पहिल्याच टोपलीत कापलेल्या शेपटीचे मासे होते. शेवंताबाईची टोपली आली तेव्हा तिनं ती माझ्यासमोर आदळली आणि वरचेच दोन खुणेचे मासे काढून मला दाखवले. “घ्या. हे पोरीचे कान टोचलेले.”

साधारण दहा माशांमागे एक खूण निघाली. या वेळी पाटी लागलीच नाही. टोपल्यांशी बसलेल्या बायका, डोंगे ओढणारे पुरुष, सगळ्यांचाच गुणाकार मनात झाला होता. दोन हजार. मी आकडा बोललोच नाही. डोमाजींनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

शेवंताबाईनं जाळं झटकलं, घडी घातली आणि मातामायच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. सगळ्यात आधी तिनं ठेवलं. मग बाकीचे आले. डोमाजी म्हणाले, “पाळीच्या कामावर शेवंता पाट्या उचलनार नाय. ती हजेरी घेईन. आवाज हाये तिले.” कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर मी पुष्कळ गोष्टी मोजायचा प्रयत्न केला. गोवराची साथ गावागावांतून कशी सरकते, एस.टी. डेपोत बस का अडकतात, कापसावरची अळी कधी उठते, हत्तीरोगाचं औषध किती घरांत पोचवावं लागेल. काही उत्तरं बरी आली, काही सपशेल फसली. कोणती बरी होती याबद्दलही मला आता खात्री नाही. विद्यार्थी माझ्याकडे समीकरण घेऊन येत आणि मी त्यांना विचारत असे, “ज्यांना मोजतो आहेस, ती माणसं तुझ्याशी कशी वागतात?” त्यांना तो प्रश्न गणिताचा वाटत नसे. मी समजावून सांगू शकत नसे. लांजेवार असता तर त्यानं मोठ्यानं सांगितलं असतं.

पण मला सांगायचं आहे ते या सगळ्याच्या आधीचं, पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतरचं. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. दारात शिपाई म्हणाला, “सर, कोणी बाई आल्यात. जाऊ देत नव्हतो, पण ऐकत नाहीत.”

शेवंताबाई त्याच्या पाठोपाठ आत आलीच होती. डोक्यावर टोपली, टोपलीत शिंगाडे. तिनं ती माझ्या पेपरांवर ठेवली. प्राचार्य तिथेच बसले होते. त्यांच्याकडे तिनं लक्षही दिलं नाही.

“तलाव उघडला, मास्तर. काल जाळं टाकलं.”

“मग?”

तिनं दोन्ही हात पसरून माशाची लांबी दाखवली. हात आणखी पसरले असते, पण एका बाजूला कपाट होतं.

“किती असतील?” मी विचारलं.

“ते आमाले काय इचारता? मोजनारे तुमी.” ती खुर्चीवर ऐसपैस बसली. “मी शेपट्या पाह्यल्या जी साऱ्यायच्या. पार भरून आल्या. आता कोनता तुमचा होता अन् कोनता तलावाचा, कायी समजत नाय.”

मला इतकं बरं वाटलं की मी चष्मा काढून पुसला. “मग पुन्हा यावं लागेल,” मी म्हणालो. “कात्री घेऊन.”

“या ना. मी तेच सांगाले आली.” ती उठली, शिंगाडे माझ्या टेबलावर ओतले, रिकामी टोपली काखेत घेतली आणि दारातून वळून म्हणाली, “पन मास्तर, या बारीले पानी आधी सोडा. मंग शेपट्या कापा.”